धो-धो पावसाच्या देशातली पाणीटंचाई

सिंगापूरमध्ये पाण्याची टंचाई आहे असं सांगितलं की फोनवर पलीकडचा माणूस हमखास हसतो. वर्षाला 2,400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आभाळ फाटल्यासारख्या दुपारच्या सरी, रस्त्याकडेला माणूस बुडेल अशी काँक्रीटची गटारं. मग टंचाई कसली? पण इथे अडचण पावसाची नाही, जागेची आहे. सगळा देश मिळून सुमारे 735 चौरस किलोमीटर. मोठी नदी नाही, पाणी अडवायला डोंगरदऱ्या नाहीत, भूजलाचा म्हणावा असा साठा नाही. पडलेला पाऊस बघता बघता समुद्राला मिळतो.

म्हणून तर ती अवाढव्य गटारं. देशाच्या दोन-तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गोळा होऊन 17 जलाशयांत जातं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पडलेला पाऊसही त्यातच. 2008 मध्ये पूर्ण झालेलं मरीना बॅरेज हे धरण तर थेट उंच इमारतींच्या गर्दीत, खाडीच्या तोंडावर बांधलंय. त्या एकट्याचं पाणलोट क्षेत्र देशाच्या एक-षष्ठांश आहे. त्याआधी 1977 ते 1987 अशी दहा वर्षं याच खाडीला मिळणारी सिंगापूर नदी साफ करण्यात गेली. काठावरचे फेरीवाले, डुकरं पाळणारे, होड्या बांधणारे, सगळ्यांना हलवलं गेलं. आता इथे गटारात थुंकणं म्हणजे अक्षरशः पिण्याच्या पाण्यात थुंकणं.

तरी एवढ्यानं भागत नाही. शेजारच्या मलेशियातून, जोहोर नदीतून, रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलायचा करार 1962 सालचा आहे. दर हजार गॅलनला 3 सेन, म्हणजे मलेशियन रिंगिटचे तीन शतांश. सिंगापूरनं शुद्ध केलेलं त्यातलं काही पाणी मलेशिया परत घेतो, तेव्हा हजार गॅलनला 50 सेन मोजतो. या दरावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांमध्ये अधूनमधून खडाजंगी होतेच. करार 2061 ला संपतो आणि ही तारीख इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. भीतीला इतिहासही आहे. जानेवारी 1942 मध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यानं मलेशियातल्या जोहोर राज्याला जोडणारा पूलरस्ता उडवला, त्याबरोबर पाण्याची पाइपलाइनही गेली. पुढे 1963-64 मध्ये दुष्काळामुळे महिनोन् महिने पाणीकपात होती.

बाहेरच्यांना सगळ्यात जास्त कुतूहल असतं ते न्यूवॉटरचं, म्हणजे सांडपाण्यापासून केलेल्या पाण्याचं. बारीक गाळण, मग रिव्हर्स ऑस्मोसिस (दाबानं पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलणं), मग अतिनील किरण. 1974 मध्येच एक प्रायोगिक प्रकल्प उभारला होता, पण खर्च परवडेना म्हणून गुंडाळला. हे गाळणारे पडदे स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर 2003 मध्ये ते प्रत्यक्ष आलं. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय दिनाच्या संचलनात पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्यासह हजारोंनी त्याच्या बाटल्या उंचावून घोट घेतले होते. गंमत म्हणजे यातलं बहुतेक पाणी आपल्या पोटात जातच नाही. ते चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जातं, कारण त्यांना नळाच्या पाण्याहून शुद्ध पाणी लागतं. कोरड्या महिन्यांत थोडं जलाशयांत सोडतात, आणि तिथून मात्र ते सगळ्यांच्या नळाला येतं.

मला स्वतःला या यंत्रांपेक्षा 2001 मधला एक रटाळ वाटणारा प्रशासकीय निर्णय मोठा वाटतो. पिण्याचं पाणी आधीपासून पीयूबीकडे, म्हणजे इथल्या सरकारी पाणीसंस्थेकडे, होतंच. त्या वर्षी पावसाची गटारं आणि मलनिःसारणही तिच्याकडे आलं. एकाच खात्याच्या ताब्यात सगळं असलं की सांडपाणी ही कुणाची तरी डोकेदुखी न राहता कच्चा माल होतो. तीन खाती असती तर नुसत्या फायली फिरल्या असत्या.

दुसरं म्हणजे पाणीपट्टी. एप्रिल 2025 पासून घरगुती वापराला हजार लिटरमागे 3 सिंगापूर डॉलर 24 सेंट पडतात. बिलात फोड असते: पाण्याचे 1.43, जलसंधारण कर 0.72, सांडपाण्याचे 1.09. म्हणजे पाण्याच्या किमतीच्या निम्मा कर, आणि तो पहिल्या लिटरपासून. महिन्याला चाळीस हजार लिटरच्या पुढे गेलात की कर 65 टक्के. यामागचा हिशेब मला पटतो: जलाशयातलं पाणी स्वस्त पडतं म्हणून दर कमी ठेवायचा नाही, कारण मागणी वाढली की पुढचं पाणी समुद्राचं खारेपण काढूनच आणावं लागणार, तेव्हा दर त्या महागड्या पाण्याचा धरायचा. गरीब घरांना सवलत दर कमी करून देत नाहीत, बिलात वेगळी रक्कम वळती करून देतात. शिवाय शेजाऱ्यांचा सरासरी वापर त्याच बिलावर छापलेला असतो. आपला आकडा त्याहून मोठा निघाला की घरात तपास सुरू होतो, अंघोळ कोण लांबवतंय याचा! 2003 मध्ये माणशी रोजचा घरगुती वापर 165 लिटर होता, 2023 मध्ये 141.

पण या आकड्याचं फार कौतुक नको. निम्म्याहून जास्त पाणी घरांबाहेर, उद्योगांत खर्च होतं आणि वाढ तिकडेच होणार आहे. चिप कारखान्याला अंघोळ आटोपती घ्या असं सांगून काय उपयोग? म्हणून 2024 पासून अशा नव्या मोठ्या प्रकल्पांना पाण्याचा पुनर्वापर सक्तीचा केलाय.

आणखी एक गोष्ट इथल्या भाषणांत जरा दबक्या आवाजात येते. समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरमागे साधारण साडेतीन युनिट वीज लागते, आणि इथली जवळपास सगळी वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर होते. म्हणजे जोहोरवरचं अवलंबित्व कमी होईल तसं ते वायूवर सरकेल. 2021 मध्ये तेंगेह जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प सुरू झाला, जमीन नाही म्हणून पाण्यावरच. त्यातून पीयूबीच्या वर्षभराच्या विजेपैकी सुमारे 7 टक्के भागते.