कोरं बिल

सेल संपल्यानंतरचा पहिला सोमवार हा रिटर्न काउंटरवाल्यांचा खरा सेल असतो. आठवडाभर लोकांनी हौसेनं उचललेलं सामान त्या दिवशी तितक्याच तावातावानं परत येतं. चावणारे बूट, भिंतीला न शोभणारे दिवे, शिवाय 'बायकोला आवडलं नाही' आणि 'नवऱ्याला आवडलं नाही' या दोन सदरांत बसणारं बाकी सगळं. मला त्या काउंटरवर तिसरं वर्ष लागलं होतं. रांगेकडे नुसती नजर टाकली की कोण भांडायला आलंय ते कळतं, असा माझा गोड समज होता.

पावणेअकराला एक मॅडम आल्या. इस्त्री परत करायची होती. खोकं चकचकीत, चिकटपट्टी जागच्या जागी, बिल दोनच दिवसांपूर्वीचं, रोखीचं. "घरात आधीच एक आहे, मला माहीतच नव्हतं हो," म्हणाल्या. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला तर त्याला म्हणाल्या, "अहो, त्या एकट्या आहेत, जरा दमानं घ्या." रिटर्न काउंटरवर आपली बाजू घेणारं माणूस महिन्यातून एखादं भेटतं. मी बारकोड वाचला, स्क्रीनवर इस्त्रीचं नाव आलं, पैसे मोजून दिले, खोकं मागच्या फळीवर ठेवलं. जाताना त्यांनी छातीवरच्या बिल्ल्यावरून माझं नाव वाचून आभार मानले.

साडेअकराला ते गृहस्थ आले. साठीच्या पुढचे. एका हातात तशीच इस्त्री, त्याच कंपनीची, तेच मॉडेल. दुसऱ्या हातात पांढरा शर्ट, आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. रांगबिंग काही नाही, थेट पुढे येऊन त्यांनी शर्ट माझ्यासमोर आपटला.

"हिचा दिवा विझत नाही!"

"काका, बिल आहे का?"

"काका म्हणू नका मला. मी तुमचा काका नाही. दिवा विझत नाही म्हणतोय मी!"

त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट पुढे सरकवलं. आत वॉरंटी कार्ड, आणि कार्डाला टेकून घडी केलेलं बिल. मी घडी उलगडली. मागच्या बाजूला आमच्या दुकानाचं छापील नाव होतं, पुढची बाजू कोरी. उजेडात तिरकं धरलं तर दोन-तीन आकड्यांच्या सावल्या दिसल्यासारख्या वाटत होत्या, पण तेवढ्यावर काही होत नाही.

"यावर काहीच नाहीये, सर."

"म्हणजे? तुम्हीच दिलंय ते! कोरं बिल देता आणि वर मलाच विचारता? जुना माल खपवायचा धंदा आहे तुमचा!"

इथे आमचा नियम सांगायला हवा. बिलाशिवाय परतावा नाही. लोकांना वाटतं हा निव्वळ आडमुठेपणा, पण त्याला कारण आहे. दुकानातून चोरून उचललेली वस्तू बाहेर न विकता इथेच 'परत' करून तिचे पैसे घेणं ही चोरीची जुनीच रीत आहे. पार्किंगमध्ये पडलेलं बिल उचलायचं, आत येऊन त्यावरची वस्तू फळीवरून घ्यायची आणि सरळ रिटर्न काउंटर गाठायचा, हेही मी पाहिलं आहे. त्यामुळे बिल नसलेला आणि आवाज चढवणारा माणूस समोर आला की आमच्या डोक्यात आधी संशयाची घंटा वाजते. ती त्या दिवशीही वाजली.

मग मी प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं केलं. आवाज खाली आणला. काउंटरच्या बाजूला आले, कारण मध्ये टेबल असलं की माणूस जास्त भांडतो. त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. रांगेपासून थोडं लांब न्यायचा प्रयत्न केला, कारण निम्मं ओरडणं मागच्या प्रेक्षकांसाठी असतं. आणि कार्डावर छापून दिलेलं वाक्य म्हटलं, "मी तुमची अडचण समजू शकते." एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"समजू शकता ना? मग सांगा, काय समजलं?"

मला सांगता येईना. शर्ट जळलाय आणि माणूस चिडलाय, एवढंच मला ठाऊक होतं. ते काय सांगत होते याकडे माझं लक्षच नव्हतं. कसं सांगताहेत याच्याशीच मी वीस मिनिटं झटत होते.

आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर 'ग्राहक नेहमीच बरोबर असतो' असा फलक आहे. हे वाक्य मूळ कुणाचं यावर वाद आहेत. शिकागोचे मार्शल फील्ड आणि त्यांच्या दुकानात घडलेले, पुढे १९०९ मध्ये लंडनला स्वतःचं मोठं दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज, ही दोन नावं हमखास घेतली जातात. दोघंही मालक होते हे विसरू नये. मालकाला हे वाक्य परवडतं, कारण शेवटी 'हो' म्हणायचा हक्क त्याचा असतो. 'नाही' म्हणायचं काम काउंटरवरच्या माणसाचं. आम्ही नियम सांगून शिव्या खायच्या, मग मॅनेजरनी येऊन "द्या हो देऊन" म्हणायचं आणि ग्राहकानं त्यांचे आभार मानायचे. या एका गोष्टीचा मला जितका राग येतो, तितका ओरडणाऱ्यांचाही येत नाही.

आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' म्हटलं. त्यांनी विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे यांचा अभ्यास केला होता. एकीला पगार गोड हसण्याचा, दुसऱ्याला डोळे वटारण्याचा. रिटर्न काउंटरवर एकाच पगारात दोन्ही करावं लागतं आणि बहुतेक वेळा एकाच माणसाशी.

असो. "काय समजलं?" या प्रश्नानं मी जरा भानावर आले. म्हटलं, "सर, पहिल्यापासून सांगा. दिवा विझत नाही म्हणजे काय होतं?"

त्यांनी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे आवाज न चढवता. इस्त्री हवी तेवढी तापली की दिवा विझतो, थंड व्हायला लागली की पुन्हा लागतो. त्यांच्या इस्त्रीचा दिवा लागला की लागलेलाच राहायचा. बटण सुती, रेशमी कशावरही ठेवा, ती तापतच जायची. इस्त्रीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि वीज तोडते. त्यांचं म्हणणं, जोड चिकटून बसलाय, पट्टी सुटत नाहीये. मी मागच्या टेबलावर इस्त्री लावली, बटण सगळ्यात खाली आणलं आणि घड्याळ बघत उभी राहिले. दिवा विझला नाही. तळातून वास यायला लागला तेव्हा मीच प्लग काढला.

म्हणजे आल्या आल्या पहिल्या वाक्यात त्यांनी रोग सांगितला होता. मी विचारलं होतं बिल.

"पैसे कार्डानं दिले होते का?"

"हो. मग?"

हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारायचा असतो. त्यांनी फोनवर बँकेची नोंद काढली, तारीख आणि रक्कम दाखवली. मी त्या तारखेचे व्यवहार उघडले, कार्डाचे शेवटचे चार आकडे टाकले, आणि बिल पुढ्यात उभं. इस्त्री, एक नग. वॉरंटीची मुदत कितीतरी बाकी. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम.

बिल कोरं का झालं, तेही मला माहीत होतं. प्रिंटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसानं एकदा सांगितलं होतं. या बिलांवर शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, प्रिंटरचं डोकं ठिपक्याठिपक्यानं तापतं आणि तेवढा भाग काळा होतो. उन्हात ठेवलं तर अक्षरं उडतात, खूप तापलं तर सगळा कागदच काळा पडतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे मऊ प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते हळूहळू कागदात उतरतं आणि अक्षरं पुसून टाकतं. मी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर आमच्या दुकानाचा शिक्का होता, खाली ओळ छापलेली: 'बिल व वॉरंटी कार्ड यात जपून ठेवा'.

त्यांनी जपून ठेवलं होतं.

एव्हाना मॅनेजर आले होते. ठरल्याप्रमाणे म्हणालेच, "द्या हो, बदलून द्या." गृहस्थांनाही पैसे नको होते, चालणारी इस्त्री हवी होती. पण सेलनं गोडाऊन रिकामं केलेलं. मॅनेजरांची नजर मागच्या फळीवर गेली. "ती सकाळची आहे ना? न वापरलेली? तीच द्या."

मी खोकं आणलं. त्यांच्यासमोर उघडायचं म्हणून चिकटपट्टी फाडली. ती जरा जास्तच सहज निघाली, हे आत्ता आठवतंय. आतून निघाली करड्या रंगाची इस्त्री, कापडी विणीच्या वायरची, मुठीजवळ वायर उसवलेली. तळ काळा, त्यावर कुठल्यातरी नायलॉनचा वितळलेला तुकडा घट्ट बसलेला. आमच्या दुकानात असलं मॉडेल मी आल्यापासून कधी विकायलाही नव्हतं.

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. 'जुना माल खपवायचा धंदा' हे वाक्य हवेत अजून ताजं होतं आणि मी जुना माल हातात घेऊन उभी होते. ओरडतील म्हणून मी मान खाली घातली.

ते ओरडले नाहीत. इस्त्री उचलून तळ पाहिला, खाली ठेवली.

"ही कुणी दिली तुम्हाला?"

"सकाळी एका मॅडमनी परत केली."

"ओरडत होत्या?"

"नाही. फार छान बोलत होत्या."

"हं," म्हणाले.

खोक्यावर स्टिकर असतो, त्यावर त्या एका नगाचा क्रमांक. तोच क्रमांक इस्त्रीच्या अंगावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळवून बघायला फार तर अर्धं मिनिट लागतं. बारकोडचा इथे काही उपयोग नाही. तो मॉडेल सांगतो, नग सांगत नाही, त्या मॉडेलच्या प्रत्येक खोक्यावर तोच. हे मला पक्कं माहीत होतं. एखाद्या तिरसट माणसानं खोकं आणलं असतं तर मी ते उघडून आतली वायरसुद्धा मोजली असती. मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या, म्हणून मी चिकटपट्टीला हातही लावला नव्हता. रोखीचा व्यवहार, त्यामुळे माग काढायचीही सोय नाही. संध्याकाळी हिशोबात ती इस्त्री तूट म्हणून लागली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला.

गृहस्थांना शेवटी पैसेच परत घ्यावे लागले, त्याच कार्डावर. शर्टाचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅनेजर खाकरून बाजूला झाले. मग त्यांनी तक्रारवही मागितली आणि खुर्चीवर बसून, जी त्यांनी आधी नाकारली होती, पानभर लिहिलं. नंतर मी वाचलं. माझ्याबद्दल एक ओळ होती, 'बाई सभ्य आहेत, पण ऐकायला उशीर लावतात.' बाकी सगळं पाकिटाबद्दल.

परताव्याची पावती प्रिंटरमधून निघाली, गरम, कुरळी. त्यांनी ती घेतली आणि सवयीनं त्याच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायला लागले.

"काका, त्यात नको!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते थांबले. पावतीकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. मग पावती काउंटरवर सपाट पसरली, खिशातून फोन काढला आणि एका हातानं कडा दाबून धरत फोटो काढला. हलला म्हणून पुन्हा काढला. पाकीट माझ्यासमोरच ठेवून गेले. काका म्हटल्याबद्दल या वेळी काही बोलले नाहीत.