प्रवेश झाला, बारक्याचं काय?

शाळाबाह्य मुलं शोधायची, महापालिकेच्या शाळेत दाखल करायची आणि ती तिथं टिकतात का ते बघायचं, हे आमच्या संस्थेचं मानखुर्दमधलं काम. प्रवेशाच्या दिवसांत शाळेच्या ऑफिसबाहेरचा बाक हीच आमची जागा.

जूनमधल्या त्या सकाळी माझ्यासोबत दहा वर्षांची एक मुलगी होती. आई-वडील हिंगोलीकडून मजूर नाक्यावरच्या रोजंदारीच्या कामासाठी आलेले. तिसरीतच तिची शाळा सुटली होती. शाळा सोडल्याचा दाखला गावाकडे, आधारवरची जन्मतारीख चुकीची आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ. बाकावर बसल्या बसल्या मी तिला वाचायला कागद दिला. भावाला थोपटत, डोलत डोलत ती वाचायला लागली. जोडाक्षर आलं की डोलणं थांबायचं, ओठ हलायचे. शब्द सुटला की पुन्हा डोलणं सुरू. परिच्छेद तिनं पुरा वाचला. दोन वर्षं पुस्तक हातात नसताना!

ऑफिसात नेहमीचंच उत्तर आलं: दाखला नाही तर नाव कसं घेणार? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्याचं कलम ५ सांगतं. वयाच्या पुराव्याबाबत कलम १४ तेच सांगतं आणि कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गातच बसवायचं असतं. मुख्याध्यापिकाबाईंना हे सगळं पाठ होतं. त्यांची धास्ती संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्याची होती. आधार जुळलं नाही तर मूल पटात धरलं जात नाही आणि पट घटला की शिक्षक जातो. ही अडचण खरीच आहे, पण तिची किंमत मुलीनं का मोजावी? शेवटी बाईंनीच हमीपत्र लिहून घेतलं, जुन्या शाळेला ऑनलाइन रिक्वेस्ट टाकली आणि नाव पाचवीत घातलं.

दुपारी आई नाक्यावरून काम न मिळता परत आली. मी आनंदानं सांगितलं, तर ती म्हणाली, "ताई, हिला शाळेत धाडलं की बारक्याला कोण बघायचं? लेकरू घेऊन उभं राहिलं की मुकादम बघत बी नाही."

याला माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं. अंगणवाडीत पूर्वप्राथमिकला तीन वर्षांपुढची मुलं बसतात. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघर होतं, पण पन्नासहून जास्त बायका कामाला असतील अशा ठिकाणीच. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणारी नाक्यावरची बाई त्यात कुठं बसणार? पोरींची शाळा सुटण्याचं कारण आम्ही फॉर्मवर 'घरकाम' असं लिहितो. त्या रकान्याआड बहुतेकदा असा एखादा बारक्या असतो. पाळणाघर हा शिक्षणाचाच खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या बजेटमध्ये पुस्तकं आहेत, मानधन आहे, पाळणाघर नाही. त्याच संध्याकाळी मी वरिष्ठांना तसं लिहून पाठवलं.

तोवर शेजारच्या काकू तयार झाल्या. त्या घरीच इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवतात. शाळा सकाळची, म्हणजे साडेबारापर्यंतचाच प्रश्न. रोजचे किती द्यायचे, ते आई आणि काकूंनी माझ्यासमोरच ठरवलं. ज्या दिवशी काम मिळणार नाही, त्या दिवशी पैसे घेणार नाही, असं काकूंनी आपणहून सांगितलं.