ओलिताची का जिरायती?

न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही अमेरिकेच्याच ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात दहा एकर जमीन घेतली. हे कळल्यावर बहुतेकांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? साताऱ्याच्या आत्याने मात्र विचारलं, "ओलिताची हाय का जिरायती?" प्रश्न आवडला, पण उत्तर देता येईना. इथे पाऊस बारा महिने पडतो, त्यातले चार-पाच महिने बर्फ होऊन. पाटपाण्याचा संबंधच नाही.

"मग गावाकडेच का नाही घेतली?" अहो, अनिवासी भारतीयांना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. इथे शेतकरी असल्याचा दाखला कुणी मागत नाही.

पण जमीन म्हटल्यावर काळी माती डोळ्यांपुढे आणू नका. इथलं हमखास पीक म्हणजे दगड. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खालचे दगड हळूहळू वर सरकतात. वाफा कितीही वेचा, पुढच्या वसंतात पुन्हा तेच. मागच्या जंगलात शिरलं की दगडी बांध लागतात, झाडीतून सरळ गेलेले. 1840 च्या सुमारास या एवढ्याशा राज्यात 16 लाखांवर मेंढ्या होत्या आणि त्यांच्या चराईसाठी डोंगर उघडे केले होते. पुढे लोकरीचे भाव पडले, पश्चिमेकडे सपाट, सकस जमीन मिळू लागली. लोक तिकडे गेले, रान परत वाढलं. आज राज्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे.

मार्चमध्ये मेपलच्या झाडांच्या रसाचा हंगाम. रात्री शून्याखाली आणि दुपारी वर, असं असेल तरच रस वाहतो. बुंध्याला भोक पाडायचं, तोटी ठोकायची, बादली टांगायची. रस पाण्यासारखा, जेमतेम गोड. साधारण 40 लिटर आटवले की एक लिटर पाक! चूल अंगणातच मांडावी लागते, नाहीतर वाफेने स्वयंपाकघराच्या भिंती चिकट होतात. पळीवरून थेंब थेंब न गळता पाक सलग ओघळायला लागला की उतरवायचा. त्या दिवशी जेवायला पिठलं-भात, दुसरं काही करायला हात रिकामा नसतो.

कोंबड्या पोस्टाने येतात. थट्टा नाही, 1918 पासून अमेरिकन पोस्ट एक दिवसाची पिल्लं पोचवतंय. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस काढतात. पहाटे पोस्टातून फोन येतो आणि मागे चिवचिवाट ऐकू येतो. कोण बोलतंय ते सांगावंच लागत नाही.

आता, सुटतं किती? अंडी, भाजी, पाक विकून कोंबड्यांच्या दाण्याचे आणि बियाण्याचे पैसे निघतात. घर चालतं नवऱ्याच्या नोकरीवर. तो घरूनच काम करतो, आणि पगाराइतकंच महत्त्व त्यासोबत येणाऱ्या आरोग्यविम्याला आहे. इथे विमा नसताना एक ऑपरेशन निघालं तर दहा एकर पुरायचे नाहीत. शेजारीपाजारीही तेच बघते: एक जण गोठ्यात, दुसरा शाळेत नाहीतर हॉस्पिटलात कामाला. 'नोकरी सोडून निसर्गात' असे फोटो दिसले की मी आधी मनात विचारते, घरात विमा कुणाच्या नावावर?

यायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात या. एप्रिल अजिबात नको. बर्फ वितळून आमचा कच्चा रस्ता चिखल होतो, गाडी रुतली की ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला हाक मारावी लागते, आणि तो पैसे घेत नाही, तासभर गप्पा घेतो.