हिऱ्यातल्या डागाकडून अंबरमधल्या मुंगीकडे

वडील जळगावहून सुरतला लूमवर आले, मी तिथल्या उधना भागातच वाढलो. धंदा हिऱ्यांच्या फोटोंचा. व्यापारी पुडी आणून देणार, आम्ही आतला डाग, चीर मोठी करून दाखवणार. डाग दिसला की भाव पडला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हिरेबाजार बंद, मायक्रोस्कोपवर धूळ, हप्ते मात्र चालू. अशात एका संग्राहकाने अंबरचा, म्हणजे तृणमणीचा (झाडाच्या फार जुन्या, कडक झालेल्या डिंकाचा) खडा आणून दिला. आत दोन मिलिमीटरची मुंगी. इथे डागालाच भाव!

पहिला फोटो भिकार आला. अंबरचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.54 च्या आसपास, त्यामुळे हवेत प्रत्येक ओरखडा चमकतो. खडा साखरेच्या घट्ट पाकात बुडवला तर बरेच ओरखडे दिसेनासे होतात, असं कळलं. बायको म्हणाली, "गुलाबजामाला एकतारी, तुमच्या मुंगीला दोनतारी!" फोटो झकास आला, पण सकाळी पाकात जिवंत मुंग्यांची रांग. तेव्हापासून ग्लिसरीन.

दहापट लेन्सखाली एका वेळी जेमतेम तीन-चार मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) पातळी स्पष्ट दिसते. मुंगीची जाडी 0.6 मिलिमीटर धरली, तर तीन-तीन मायक्रॉन सरकत 200 फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकात एक बसवायचे. त्यात शेजारी लूमची धडधड. शेवटी आईचा पाटा स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवला, त्यावर सगळा सरंजाम. तरीही नाजूक काम लूमच्या सुट्टीच्या दिवशीच.

चूकही झाली. हिरे पुसायच्या सवयीने एक खडा ॲसिटोनने पुसला, तो चिकट झाला. अंबर म्हणून विकलेला तो कोपल निघाला, म्हणजे कोवळा डिंक. गिऱ्हाईक विकणाऱ्याऐवजी आमच्यावरच उखडलं. गंमत म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतला, 5 कोटी वर्षांहून जुना अंबर शास्त्रज्ञांनी मुद्दाम द्रावकात विरघळवला आणि किडे अख्खे बाहेर काढले. 2010 च्या त्यांच्या अभ्यासात 150 किलो अंबरमधून 700 वर जीव मिळाले. तो माल आमच्या टेबलावर कधी आला नाही. आला तर ॲसिटोनची बाटली आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवीन.

म्यानमारच्या काचिनमधला अंबर मात्र घेत नाही. 2017-18 च्या सुमारास तिथल्या खाणी लष्कराने ताब्यात घेतल्या. यापायी दोन चांगली गिऱ्हाइकं गेली, त्यातलं एक नियमित पैसे देणारं होतं.