होखबेटला रंग आणि सुती साडीचा पडदा

जर्मनीतल्या शहरांत भाड्याच्या घरातली मुलांची खोली अनेकदा दहा-बारा चौरस मीटरचीच असते. तेवढ्यात पलंग, अभ्यासाचं टेबल आणि खेळायला मोकळी जमीन हवी, तर झोपायची जागा वर न्यावी लागते. म्हणून इथल्या मराठी घरांतही होखबेट, म्हणजे शिडीचा उंच पलंग, हमखास भेटतो. सजवायला त्यातला सोपा म्हणजे आयकियाचा ‘कूरा’. लांबी २०९ सेंमी, रुंदी ९९, उंची ११६. चौकट पाइनच्या लाकडाची, बाजूची पॅनेलं फायबरबोर्डची, गादी ९० बाय २०० ची. मूल लहान असताना गादी जमिनीलगत ठेवायची आणि मोठं झालं की पलंग उलटा करून वर, ही त्याची खरी सोय.

रंगाचा डबा उघडण्याआधी ईएन ७४७ या उंच पलंगांसाठीच्या युरोपीय मानकातल्या चार गोष्टी पाठ हव्यात, कारण सजावटीतली प्रत्येक चूक यांपैकी एखादीला धक्का लावते. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही. गादीच्या वर कठडा किमान १६ सेंमी उरला पाहिजे. पलंग आणि भिंत यांतली फट ७.५ सेंमीहून कमी किंवा २३ सेंमीहून जास्त असावी, कारण मधल्या मापात मूल अडकतं. आणि पलंगाला दोरी, पट्टा, हूक, पिशवी असं काहीही लटकवायचं नाही. गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे.

कठड्याचा नियम आपल्याकडे सहज मोडतो. मुलाला मऊ लागावं म्हणून आजीची गोधडी चौघडी घालून चादरीखाली अंथरली जाते, कधी वर आणखी एक पातळ गादी येते, आणि कठडा तेवढाच बुटका होतो. गादी किती जाड चालेल याची खूण पलंगावरच असते, ती पाहावी. गोधडी पांघरायला द्यावी.

आता रंग. आमचं स्पष्ट मत असं, की पॅनेलं रंगवावीत आणि चौकट लाकडाच्या रंगाचीच राहू द्यावी. चौकटीला कोपरे फार, वेळ तिप्पट लागतो, आणि शिडीच्या पायऱ्यांवरचा रंग रोजच्या पायांनी सर्वांत आधी उडतो. तरीही चौकट रंगवायचीच असेल, तर जोडणीआधी, भाग सुटे असतानाच रंगवा.

बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक लॅक (लाकडाचा रंग) घ्यावा, सीडनमाट म्हणजे मंद चमकेचा. डब्यावर ईएन ७१-३ (खेळण्यांसाठीचं मानक) आणि डीआयएन ५३१६० (लाळ आणि घामाने रंग सुटत नाही) हे आकडे शोधा. कठडा चावणाऱ्या मुलांची कमतरता नाही. एक लिटर रंग एका हाताला साधारण दहा चौरस मीटर पुरतो. पॅनेलांच्या दोन हातांना ७५० मिलीचा डबा बहुधा पुरतो, पण क्षेत्रफळ मोजूनच घ्या.

आधी १२० नंबरच्या आणि मग १८० च्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायचं. खाली लाकूड उघडं पाडायची गरज नाही, पृष्ठभाग निस्तेज आणि किंचित खरखरीत झाला की झालं. पॅनेलांवर तर १८० चाच पेपर, तोही हलक्या हाताने, नाहीतर फायबरबोर्डचे तंतू उभे राहतात. ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या. पाइनच्या गाठींमध्ये राळ असते. साध्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) पांढरा रंग दिला, तर काही महिन्यांत तिथे पिवळट तपकिरी डाग उमटतात आणि वरून कितीही हात दिले तरी पुन्हा येतात. त्यासाठी इझोलियरग्रुंड नावाचा डाग अडवणारा प्रायमर मिळतो. गाठींवर त्याचे दोन हात, बाकी ठिकाणी एक. मग बारीक फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात. मध्ये एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या हाताआधी २४० च्या पेपरने हलकेच घासा. जाड एकच हात दिला की कडांना ओघळ येतात.

जिथे लाकडाला लाकूड भिडतं तिथे आणि स्क्रूच्या भोकांवर मास्किंग टेप लावा. शेवटचा हात किंचित ओला असतानाच ती काढा, पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची कड फाटते. अ‍ॅक्रिलिक हाताला दोन तासांत सुका लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. दुसऱ्याच दिवशी पलंग जोडला, तर रंगीत भाग एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना पापुद्रे निघतात. हिवाळ्यात तळघरात रंगकाम करू नका. दहा अंशांखाली या रंगाचा थर नीट जमत नाही, तो पुढे भुकटीसारखा सुटतो. शिवाय रविवारी दुकानं बंद आणि इमारतीत शांततेची वेळ, तेव्हा सगळं सामान शनिवारी आणा आणि यंत्राने घासणं त्याच दिवशी उरका.

पडद्यासाठी दुकानात जायच्या आधी कपाटातली जुनी सुती साडी काढा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्हा ११० ते १२० सेंमी. पलंगाखालची जागा यापेक्षा कमी उंच, त्यामुळे साडी आडवी धरली की काठ आपोआप जमिनीलगत येतो आणि खालची दुमड घालावीच लागत नाही. दोन मीटरच्या उघड्या बाजूला चुण्यांसाठी दीडपट कापड धरा: दीड-दीड मीटरचे दोन तुकडे, मध्ये उघडणारे. आखूड बाजूला दीड मीटरचा आणखी एक. पदराचा मीटरभर भाग उरतो, त्याचा उशीचा अभ्रा होतो. मुलांसाठी आजी-आजोबा काय आणू म्हणून विचारतात, तेव्हा हे सांगावं. रेशमी नको, नायलॉन आणि जॉर्जेट तर नकोच. ते पेट घेताना वितळून कातडीला चिकटतं. गडद लाल किंवा जांभळी साडी पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळी धुवा. नवं सुती कापडही ४० अंशांवर एकदा धुऊनच कापा, ते तीन ते पाच टक्के आटतं.

उंची मोजताना जमिनीपासून दोन सेंमी सोडा. वर तीन सेंमी दुमडून टीप मारा, कापलेल्या कडांना दुहेरी दुमड घाला.

पडदा अडकवायला दोरी, तार, नाडी काही नको. वेल्क्रोची मऊ पट्टी कापडाला शिवायची, खरखरीत चिकटपट्टी आडव्या लाकडाच्या आतल्या बाजूला. सलग दोन मीटर पट्टी मात्र लावू नका. वेल्क्रो सोलून काढायला हलका असतो, पण खाली ओढला तर सलग पट्टी मुलाचं वजनसुद्धा धरून ठेवते. पाच सेंमीचे तुकडे, पंधरा-पंधरा सेंमीवर. लावून झाल्यावर एका हाताने झटका द्या. पडदा लगेच सुटून हातात आला पाहिजे. रंगवलेल्या लाकडावर ही पट्टी रंग पूर्ण कडक झाल्यावरच, नाहीतर ती रंगासकट निघते.

पडदा फक्त खालच्या भागाला. वर, कठड्याच्या किंवा शिडीच्या उघड्या जागेवर, कापड कधीही लावू नका. झोपेत मूल त्याला भिंत समजून टेकतं आणि कापड त्याला अडवत नाही. खाली उजेडासाठी बॅटरीवरचा, चिकटवायचा एलईडी दिवा, बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारा. वायरच्या माळा नकोत, तापणारा दिवा कापडाजवळ नको.

महिनाभराने सगळे बोल्ट ॲलन कीने पुन्हा आवळा, आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झाल्यावर एकदा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पलंग करकरू लागतो. उरलेल्या रंगातला थोडा घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, रंगाचा क्रमांक लिहून ठेवा, ओरखडे बुजवायला लागतो. बाकीचा ओला रंग सिंकमध्ये ओतू नका, वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे शहराच्या कचरा-संकलन केंद्रावर, नेऊन द्या.