पावणेतीनशे विटांचा नाडेप

खतासाठी बाजारात प्लॅस्टिकचे ड्रम मिळतात, एकावर एक रचायच्या मातीच्या कुंड्या मिळतात. बाल्कनीपुरतं ते ठीक. पण अमरावतीत घरामागे जुना कडुनिंब आणि आंबा असला की माघ-फाल्गुनात जो पाला पडतो, तो कुठल्याच ड्रमात मावत नाही. आमच्या गल्लीत तो सर्रास पेटवतात. आधी धूर, मग खोकला, आणि पावसाळ्यात पुन्हा खताच्या पिशव्या विकत. मला ते पटेना, म्हणून पाल्याचं खत करायची टाकी बांधायची ठरवली.

नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांची विटांच्या टाकीत कचऱ्याचं खत करायची पद्धत विदर्भातल्या शेतकऱ्यांना माहीतच आहे. मूळ टाकी 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. ती भरायला सुमारे 1400 ते 1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण आणि जवळपास 1750 किलो माती लागते. या पद्धतीत शेण किती कमी लागतं याचं कौतुक नेहमी होतं, पण तयार खताच्या वजनात मातीचा वाटा मोठा असतो हे फारसं कोणी बोलत नाही. मी माती बरीच कमी केली.

खरी अडचण वेगळी होती. नाडेप एक-दोन दिवसांत पूर्ण भरून लिंपून टाकायचा असतो. शेतावर ते जमतं. घरात रोज भाजीची देठं, चहाचा चोथा, केळीची सालं निघतात. त्यांनी थांबायचं कुठे? म्हणून एकाच टाकीत मधे भिंत घालून दोन कप्पे केले. एक मुरणारा, एक भरणारा. प्रत्येक कप्पा आतून तीन बाय तीन, उंचीही तीन फूट. याहून लहान ढीग स्वतःची उष्णता धरून ठेवत नाही, आणि उष्णता नसेल तर तणाचं बी मरत नाही.

मिस्त्रीबुवांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "ताई, भिंतीले भोकं कायले ठेवता? साप-गिप जाईन ना आत!" सापाची शंका रास्त होती, शिवाय उंदरांचीही. म्हणून आतून पाव इंची जाळी ठोकून घेतली. पण भोकं सोडली नाहीत. हवा मिळाली तर कचरा कुजतो, नाही मिळाली तर सडतो. वास येतो तो सडण्याचा. विटांच्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या थरात भोकं ठेवली, तीही एकाखाली एक येणार नाहीत अशी. खालचे दोन थर आणि सगळ्यात वरचा थर सिमेंटमध्ये, बाकी मातीत. पुढच्या बाजूला भिंतच नाही. तिथे लोखंडी खाचांमध्ये जुन्या पलंगाच्या फळ्या सरकवल्या, म्हणजे खत काढताना वाकून उपसावं लागत नाही. तळाला विटा नुसत्या मांडल्या, सांधे भरले नाहीत. पाणी झिरपतं आणि गांडुळं खालून वर येतात. सगळ्या मिळून पावणेतीनशे विटा लागल्या, त्यातल्या बऱ्याच एका पाडलेल्या कुंपणाच्या.

जागा आंब्याखालची. इथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात टाकी बांधली असती तर आतला पाला कुजायच्या ऐवजी वाळला असता.

भरताना तळाशी कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आडव्यातिडव्या घातल्या, खालून हवा खेळावी म्हणून. त्यावर पाला, मग स्वयंपाकघरातला ओला कचरा, शेणाचं पातळ पाणी, चाळलेल्या मातीचा पातळ थर, आणि पुन्हा पाला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडा पाला, हा माझा अंदाज; त्यात काटेकोर काही नाही. काठाच्या वर झोपडीसारखा उतार देऊन शेण-मातीने लिंपलं. दोन-तीन आठवड्यांत ढीग चांगलाच खचला, तेव्हा वरून पुन्हा भरून परत लिंपलं. उन्हाळ्यात लिंपणाला तडे जातात. ते बुजवत राहणं आणि वर ओलं पोतं टाकणं, एवढंच काम उरतं.

आत काय चाललंय ते कळायला मी लोखंडी सळई खुपसून ठेवते. पाच मिनिटांनी काढून हात लावायचा. चटका बसला तर सगळं ठीक. ओलावा मुठीत बघायचा. दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. टपकलं तर पाला वाढवायचा.

रोज भरायच्या कप्प्यात करड्या, जाड अळ्या झाल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. त्या सोल्जर माशीच्या अळ्या. त्या चावत नाहीत, उलट ओला कचरा भराभर संपवतात. तरी शेजारधर्म म्हणून प्रत्येक वेळी वर पाल्याची जाड चादर घालू लागले. अळ्या दिसेनाशा झाल्या, तक्रारही.

संत्र्याच्या मोसमात सालं बारीक कापूनच टाकते, नाहीतर ती महिनोन्‌महिने तशीच राहतात. आंब्याच्या कोयी मात्र टाकतच नाही. कुजायचं सोडून त्या उगवतात. तेलकट, मटणाचं उरलेलं तर कधीच नाही. "विरजण" म्हणून विकत मिळणाऱ्या पावडरीचीही गरज पडली नाही. जुन्या खताची एक पाटी नव्या ढिगात मिसळली की पुरते.

तीन-चार महिन्यांनी फळ्या काढल्या. वरचा थर अजून काडीकाडीचा होता, खालचा काळपट, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या मातीच्या वासाचा. लगेच कुंड्यांत घातलं नाही. एका वाटीत थोडं खत घेऊन मेथी पेरली. कच्च्या खतात बी नीट उगवत नाही, उगवलं तरी पिवळं पडतं. मेथी हिरवीगार आली, तेव्हा वाळूच्या चाळणीने सगळं चाळलं आणि तीन भाग मातीला एक भाग खत असं मिसळून वांगी, मिरची आणि कढीपत्त्याला दिलं. चाळणीवर उरलेल्या काड्या दुसऱ्या कप्प्यात गेल्या. आता तो लिंपून ठेवला आहे, आणि रोजचा कचरा रिकाम्या झालेल्या कप्प्यात जातो.