पेठेतली मेस आणि खाड्याचा हिशेब : माझा अनुभव

पुण्याच्या पेठांमध्ये परवडणारे जेवण शोधणे अवघड नाही. अवघड आहे ते भरलेल्या पैशांत ठरलेली जेवणे पदरात पाडून घेणे. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी राज्यभरातून आलेली मुले-मुली राहतात आणि त्यांच्याच भरवशावर इथल्या गल्लीबोळांत मेस, खानावळी व पोळी-भाजी केंद्रे चालतात. मी नोकरीनिमित्त सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहायला आलो. कार्यालय टिळक रस्त्यावर असल्यामुळे दोन्ही वेळा पायी जाता येईल अशी मेस हवी होती आणि ती लगेच मिळालीही. चव चांगली होती, पोळ्या गरम मिळत. पुढे जे अडले ते खाड्यावर, म्हणजे न घेतलेल्या जेवणांच्या वजावटीवर, अडले आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ती मेस दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,२०० रुपये आगाऊ घेत असे. महिना न भरता एकेका जेवणापुरती घेतलेली सुटी थाळी ९० रुपयांना होती. महिन्याची ६० जेवणे धरली तर एक जेवण साधारण ५३ रुपयांना पडते. मात्र रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचे खास जेवण, आणि संध्याकाळी सुट्टी हा पुण्यातल्या बहुतेक मेसचा रिवाज आहे. त्या चार संध्याकाळी वजा केल्या की ५६ जेवणे उरतात आणि दर ५७ रुपयांवर जातो. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, कारण रांधणाऱ्या बायकांनाही आठवड्यातून एक संध्याकाळ मिळायलाच हवी. पण महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याची आणखी सहा जेवणे बुडतात आणि तेच जेवण ६४ रुपयांना पडू लागते. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी मी मालकांना खाड्याविषयी स्पष्ट विचारले होते. “सांगून गेलात की खाडा धरतो,” असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले होते.

पहिल्या महिन्यात मी प्रत्येक वेळी आदल्या रात्री गल्ल्यावर सांगून गेलो. महिनाअखेरीस हिशेब मागितला तेव्हा उत्तर मिळाले, की खाडा सलग चार दिवसांचा असेल तरच धरला जातो. हा नियम ना कार्डावर छापलेला होता, ना भिंतीवर लावलेला. तरीही मी तो मान्य केला. पुढच्या महिन्यात घरच्या लग्नासाठी गुरुवार ते मंगळवार गावी जायचे होते, म्हणून दोन दिवस आधी कळवून वहीत नाव लिहवून घेतले. परतल्यावर सांगण्यात आले, की मध्ये रविवार आला, रविवारी फीस्ट असते, फीस्टचा खाडा धरत नाहीत. त्यामुळे गुरुवार ते शनिवार हे तीनच दिवस आणि सोमवार-मंगळवार हे दोनच दिवस होतात, सलग चार दिवस कुठेच भरत नाहीत! या हिशेबाने वर्षातला बहुतेक प्रत्येक खाडा कुठल्या ना कुठल्या रविवारी तुटतो. गल्ल्यावरचा मुलगा म्हणे, “काकांशी बोला.” काका, म्हणजे मालक, दुपारच्या गर्दीत भेटत, तेव्हा मागे रांग उभी असे आणि ते म्हणत, “रात्री या.” रात्री गेल्यावर ते निघून गेलेले असत. वहीत पाहिले तर माझे नाव होते, तारीख नव्हती.

अखेर मी एका कागदावर भरलेली रक्कम, न घेतलेली जेवणे आणि पहिल्या दिवशी त्यांनी दिलेला शब्द असे सगळे नीट लिहून काढले आणि मेस उघडण्याच्या वेळी, गर्दीपूर्वी, तो त्यांच्यासमोर ठेवला. “काका, मला पैसे परत नकोत, तेवढी जेवणे पुढे द्या,” असे म्हटल्यावर त्यांनी तीन दिवस वाढवून दिले. हक्क त्याहून अधिक होता, तरीही लेखी हिशेबापुढे त्यांना माघार घ्यावी लागली याचे मला आजही समाधान वाटते. ते तीन दिवस जेवून मी ती मेस सोडली.

आता मी नवी पेठेतील एका मावशींकडे कूपनांवर जेवतो. एक जेवण, एक कूपन. गावी गेलो तर कूपन खिशात राहते, त्यामुळे खाडा हा विषयच उरत नाही. दर किंचित जास्त आहे, पण तो खरा आहे. कूपनांवर मुदतीची तारीख असते, तेवढी पाहून घ्यावी आणि दिवाळीत मेस किती दिवस बंद राहणार हेही आधीच विचारावे, कारण त्या दिवसांत परिसरातल्या बहुतेक मेस एकदमच बंद होतात. वर सांगितलेल्या दरांत महिन्याला ३५ किंवा त्याहून कमी जेवणे होणार असतील, तर महिना भरूच नये. सुटी थाळीच स्वस्त पडते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती : नवी मेस पारखायची तर पहिल्या पंगतीला न जाता रात्री अगदी शेवटी जावे. भाजी संपल्यावर समोर काय वाढतात आणि उरलेल्या पोळ्या कशा असतात, यावरून तिथला व्यवहार कळतो.

रविवारच्या संध्याकाळी मी पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणि एक भाजी घेतो, नाहीतर डेक्कनला कॅफे गुडलकमध्ये बन मस्का आणि चहावर भागवतो. दुपारी फारच हात आखडता असेल, तर २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने १० रुपयांत सुरू केलेली शिवभोजन थाळी आहे : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. केंद्रावर रोजच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असते, तेव्हा वेळ सुरू होताच पोहोचावे.